काचेवरची काजळी

भाजीबाजाराच्या तोंडाशी मी वेणाच्या गालात मारली. जिच्या टोपल्यापुढे मारली ती म्हातारी म्हणाली, "हळू वो बाई, पिल्लं भेतात." पोरीला मारू नका, असं ती म्हणाली नाही. तिने टोपल्यावर आडवा हात धरला होता, ऊन अडवायला धरतात तसा. हाताखाली पन्नास-साठ पिल्लं एका कोपऱ्यात गोळा झाली होती, गुलाबी, हिरवी, केशरी, होळीतून उरल्यासारखी. होळी होऊन चार दिवस झाले होते. वेणा टोपल्यापाशी उकिडवी बसली होती. मी तीनदा म्हटलं, चल, तरी उठली नव्हती. माझ्या एका हातात मेथी आणि दुसऱ्यात छत्री होती. छत्री काखेत धरून मारायला मला वेळ लागला असणार. म्हणजे मधे विचार करायला जागा होती. वेणा रडली नाही. गालावर बोटं उठलेली असताना तिने म्हातारीला विचारलं, "यातली कोंबडी कोनती होते?" म्हातारी हसली. "एकबी नाई होत माय. हे सारे कोंबडे. नागपूरले मोठ्या कारखान्यात अंडे फुटले की तिथंच निवडतात, बाई कोन, बाबू कोन. बाबू अंडे देते का? मंग त्यायले रंगवून आमाले देतात. उरले ते पोत्यात." पोत्यात म्हणजे काय, ते वेणाने विचारलं नाही. मी सहा पिल्लं घेतली. हौस नव्हती, आजूबाजूची माणसं बघत होती. म्हातारीने ती कागदी पिशवीत घालून वरून दोन भोकं पाडली. शेजारच्या लसूणवाल्याने तिला रुख्माबाई अशी हाक मारली म्हणून तिचं नाव मला कळलं. रिक्षात वेणाने पिशवी मांडीवर घेतली आणि घर येईपर्यंत एकदाही हलली नाही. तिचा गाल माझ्या बाजूला होता. या पिल्लांना पिसं फुटेपर्यंत मी हिच्यावर हात उचलणार नाही, असं मी तिथे ठरवलं. पिसं फुटायला महिना लागतो. एक महिना कुणालाही जमावा.

दिवाळीत माझी माय गेली. तेव्हापासून माझा हात उठायला लागला होता. त्याआधी नव्हता. पहिल्यांदा दूध सांडलं म्हणून, मग पेन्सिल चघळली म्हणून, मग दोनदा कशासाठी ते आता सांगता येत नाही, आणि हा बाजारातला पाचवा. हे मी नीट मोजलं होतं. वेणाचे वडील हिंगणघाटला गिरणीच्या ऑफिसात, शनिवारी संध्याकाळच्या बसने येतात आणि सोमवारी पहाटे जातात. त्यांच्यासमोर असं कधी झालं नाही. मी इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. मुलांच्या मनावर लिहिलेली पुस्तकं ज्या कपाटात आहेत त्याची किल्ली माझ्याकडे असते, आणि त्यातलं एकही वाचायचं राहिलेलं नाही. त्यांतल्या वाक्यांखाली कुणीकुणी पेन्सिलीने रेघा ओढतं. त्या खोडायचं कामही माझंच. खोडताना मला कधीकधी वाटे, ही रेघ ओढणारी बाई घरी जाऊन काय करत असेल.

मागच्या अंगणात आंब्याचा लाकडी खोका होता. त्यात मी राख पसरली, राखेवर गोणपाट. फुटक्या बुडाचं एक मडकं होतं. त्याच्या बुडातून वायर आत घेऊन साठचा बल्ब सोडला आणि मडकं खोक्यात पालथं घातलं. उजेड सगळा आत राहिला, ऊब तेवढी बाहेर. पिल्लं मडक्याच्या पोटाला चिकटून बसली. खापराच्या तुकड्यात पाणी ठेवलं, आणि त्यात खडे टाकले, नाहीतर पिल्लं बुडून मरतात. ज्वारीची कणी चिमटीत धरून भुरभुरली. यातलं काहीही मला आठवावं लागलं नाही. सतरा वर्षांत मी कोंबडीला हात लावला नव्हता, आणि माझे हात मला न विचारता काम करत होते. वेणा बघत होती. "तुला हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "आजीने." तिला आजी म्हणजे पांढरं लुगडं आणि तंबाखूचा वास एवढंच माहीत. माझी माय मनकर्णाबाई आर्वीच्या अलीकडे एका गावात राहायची. बाप मी चार वर्षांची असताना गेला. शेत काकाकडे आणि मायकडे कोंबड्या. माघ सरता सरता ती खुडूक, म्हणजे उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीखाली अंडी बसवायची, नेहमी विषम, नऊ किंवा अकरा. प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ. कोंबडीने नवं अंडं घातलं तर रेघ नसलेलं ओळखू यावं. टोपल्यात एक लोखंडी खिळा असायचा, वीज कडाडली तर आतला जीव दचकून मरू नये म्हणून. वैशाखाच्या तोंडाशी कुणी कोंबडी खुडूक झाली तर माय तिला बसू देत नसे. त्या उन्हात अंड्यातलं पाणी सुकतं. मग मी कोंबडी काखेत दाबून धरायची. माय तिच्याच पंखातलं एक पीस उपटून तिच्या एका नाकपुडीतून दुसरीत काढायची. ते पीस नाकात घेऊन कोंबडी दोन दिवस अंगणभर डोकं झटकत फिरायची. तिसऱ्या दिवशी बसायचं विसरून जायची. माझ्या काखेत तिचं काळीज धडधडत असायचं. "दाब, दाब," माय म्हणायची, "तिले दुखत नाई. तिच्या डोस्क्यात जे हाय ते काहाडाचं हाय." मायच्या बोलण्यात राग नसायचा, कोंबडीवरही नाही आणि माझ्यावरही. मान मोडतानाही ती आधी डोक्यापासून शेपटीपर्यंत एकदा हात फिरवायची. कोंबडी गप पडायची. मग दोन बोटं आणि एक झटका. अशक्त निघालेलं पिल्लू ती अंड्याच्या टरफलासारखं भिंतीपलीकडे टाकायची, आणि त्याच हाताने मला भाकर द्यायची.

एकाहत्तर साली पंचायत समितीने बायांना पांढरी पिल्लं वाटली. शहरी जातीची, वर्षाला दोनशेवर अंडी देणारी, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं. मायच्या वाट्याला पन्नास आली. पुठ्ठ्याच्या खोक्यातून, वर्ध्याहून एसटीने, तिच्या मांडीवर. मी तेरा वर्षांची होते. तिने आधी खुडूक कोंबडीखाली दोन पिल्लं सरकवून पाहिली. कोंबडीने मान तिरपी करून पांढऱ्या पिल्लाकडे एकदा बघितलं आणि सरळ डोक्यात चोच घातली. मायचा हात पोहोचेपर्यंत दुसऱ्याचा डोळा गेला होता. मग तिने मधल्या खोलीत कोंबड्या झाकायचं मोठं डालगं पालथं घातलं, त्याला गोणपाट गुंडाळलं आणि आत कंदील ठेवला. कंदिलाची काच काळीकुट्ट होती. ती तशीच ठेवायची, असं तिने मला सांगितलं. साहेबांनीच तिला बजावलं होतं, उजेड फार झाला, गरम फार झालं, तर ही पिल्लं एकमेकांना टोचतात, आणि एकदा रक्त दिसलं की थांबत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. हेच मला पुढे कधी सोडून गेलं नाही. आठवीच्या सुट्टीत वाचायला शाळेतून आणलेलं एक जाड पुस्तक माझ्याकडे होतं. बाहेर अंगणात ऊन लागत होतं, घरात दिवसाही मधल्या खोलीत अंधार. माय दुपारी कणी आणायला आर्वीला गेली आणि मला म्हणाली, "सुमे, पिल्लांपासून उठजो नोको." मी उठले नाही. पण कंदील बाहेर काढला, राखेने काच लख्ख पुसली आणि परत आत ठेवला. डालग्याची कड विटेवर टेकवून वर केली, आणि त्या फटीतून येणाऱ्या उजेडात पालथी पडून वाचायला लागले.

कंदिलाच्या नव्या उजेडात पिल्लं फार सुंदर दिसत होती. ते मला अजून दिसतं. प्रत्येकाच्या कडेला उजेडाची एक केसाळ रेघ होती. मी वाचत गेले. मधे आवाज बदलला. आधी किलबिल होती, मग नुसती टकटक, कागदावर पाऊस पडावा तशी. मी मान वळवली. एका पिल्लाच्या शेपटीच्या मुळाशी तांबडा ठिपका होता आणि दोघं तिथे टोचत होती. ते काढून वेगळं ठेवायला हवं होतं. जखमेला काजळी लावायला हवी होती. काजळीसुद्धा मी पुसून टाकली होती. मी मनात म्हटलं, एवढं पान. ते पान संपलं तेव्हा गोष्टीत असं काही झालं होतं की पुढचं वाचल्याशिवाय राहवेना. पुस्तकातलं काय ते मला आता एक अक्षर आठवत नाही. पुढे मी पाहिलं तेव्हा ते पिल्लू मागून उघडं पडलं होतं. त्यातून एक बारीक दोरी निघाली होती, ती दोन पिल्लं दोन बाजूंनी ओढत होती, आणि मधलं अजून उभं होतं. बाकीच्यांची तोंडं लाल. ज्याचं तोंड लाल त्याला दुसरं टोचत होतं. मी हात घातला तर माझ्या नखांना टोचलं. मी ओरडले नाही. कुणाला बोलावलं नाही. कंदील विझवला असता तर थांबलं असतं, पण तेही मला सुचलं नाही. मी फक्त पुस्तक मिटलं, आणि मिटताना आत बोट घातलं, खूण म्हणून.

माय आली तेव्हा उन्हं उतरली होती. तिने पोतं खाली ठेवलं. डालगं उचललं. चौदा मेलेली आणि नऊ अर्धवट. ती खाली बसली आणि अर्धवट पिल्लांच्या माना एकामागून एक मोडल्या. कुणावर हात फिरवला नाही. उरलेली पिल्लं मडक्यांखाली वेगवेगळी झाकली. मग तिने कंदील उचलून वात मोठी केली आणि काचेकडे बघितलं. "कोनं पुसली?" मी म्हटलं, "मी." "काऊन?" मी पुस्तकाकडे बघितलं. तिनेही बघितलं. ती पुस्तकाला काही करेल असं मला वाटलं, आणि मला त्याचीच भीती वाटली, ते शाळेचं होतं. तिने माझा उजवा हात मनगटाशी धरला. "पुस," ती म्हणाली. "आता पुस ना. चांगली पुस." आणि तळवा काचेवर दाबला. आवाज आला, तव्यावर पाणी पडतं तसा, आणि वास. तिने किती वेळ धरला ते मला माहीत नाही. तिची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती, काचेकडे होती, सगळीकडून नीट पुसली जाते की नाही हे बघत असल्यासारखी. सोडलं तेव्हा तळव्याचं कातडं काचेवर राहिलं आणि तिथे धुरकटून काळं झालं.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, वेणाच्या वडिलांनाही नाही. त्यानंतर आठ दिवस मायने मला स्वतःच्या हाताने भरवलं. सकाळ-संध्याकाळ कोरफडीचा गर तळव्यावर बांधायची, आणि मग भाकर दुधात कुस्करून घास माझ्या तोंडाशी आणायची. मी तेरा वर्षांची घोडी. आम्ही बोलत नव्हतो. घास देताना तिची बोटं माझ्या ओठांना लागायची. मी मुद्दाम हळू खायची. आठव्या दिवशी मला हात मिटता येत होता. तरी मी तो मिटला नाही, आणि नवव्या दिवशी तिने ताट माझ्यासमोर ठेवलं. "जेव आता," म्हणाली, आणि कोंबड्या सोडायला गेली. माझ्या लहानपणातले सुखाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं तर मला हे आठ दिवस सांगावे लागतील.

ती आपण होऊन काही बोलेल, म्हणून मी वाट पाहिली. माझ्या लग्नात, वेणा झाली तेव्हा, दर दिवाळीला. मागच्या दिवाळीत आर्वीच्या दवाखान्यात तिच्या खाटेपाशी पाच दिवस बसले. चौथ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, ओळखून. मी वाकले. ती म्हणाली, "कोंबड्या झाकल्या का?" मी झाकल्या म्हटलं. ती हो म्हणाली आणि भिंतीकडे वळली. तेरवी झाल्यावर शेजारच्या अनुसयाबाई कोंबड्या न्यायला आल्या तेव्हा एकही कोंबडी हाती लागेना. अंगणभर पिसं उडाली. अनुसयाबाई धापा टाकत ओट्यावर बसल्या. "तुमच्या मायचा हात लागला की गपगार पडत जात वो. तुमाले येते का तसं?" मी नाही म्हटलं. "काऊन नाई, पोरगी ना तुमी तिची?" त्या हसल्या. "मांगून जा, डोस्क्यावरून हात फिरवा." मी गेले नाही. शेवटी जाळं आणून धरल्या.

सहातलं एक पिल्लू तिसऱ्याच दिवशी गेलं. उरलेली पाच टिकली. दहाव्या दिवशी पंखांच्या टोकाला पांढऱ्या काड्या दिसायला लागल्या. दहा दिवसांत माझा हात उठला नव्हता. एकदा मी तांब्या उचलला होता, पण तो जमिनीवर आपटला. वेणा सकाळच्या शाळेतून येई, शेजारच्या देवकाबाईंकडे जेवे आणि मग आमच्या मागच्या अंगणात खोक्यापाशी बसून असे. एका संध्याकाळी तिने विचारलं, "आई, हे मोठे झाले तरी गुलाबीच राह्यतील?" मी वाचत होते. म्हटलं, "नाही. तो रंग खोटा आहे." "मग खरा कुठे आहे?" "आत." मान वर न करता मी म्हटलं.

त्यानंतरच्या गुरुवारी साडेपाचला मी घरी आले. मागच्या न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. नळाखालच्या बादलीत गुलाबी आणि हिरवं मिळून झालेलं राखी पाणी होतं, त्यावर कपड्याच्या साबणाचा फेस. न्हाणीच्या दगडावर दोन पिल्लं शेजारी शेजारी निजवलेली, पाय एका दिशेला. ओल्या पिल्लाला अंग नसतंच, नुसती मान आणि पाय असतात. दोन वेणाच्या फ्रॉकच्या ओच्यात होती. पाचवं तिच्या मुठीत, आणि ती त्याला अंगठ्याने घासत होती. त्याच्या चोचीतून साबणाचा बुडबुडा आला आणि फुटला. तिने वर बघितलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती, काम अर्धं राहिल्याची घाई होती. "निघून राह्यला आई, खालून पिवळा हाय," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की मायला त्या दिवशी काय झालं होतं, आणि मला ते कळायला नको होतं. तो राग नव्हता. पोटातून काहीतरी उठलं आणि दंडात आलं, आणि दंड फार हलका झाला. मी वेणाचं मनगट धरलं. साबणाने ते निसटलं. मी पुन्हा धरलं, जास्त जोरात. आत दोन बारीक हाडं एकमेकांवर सरकलेली मला लागली. ती मोडता येतील, हे माझ्या बोटांना कळलं. दगड होता. बादली होती. कशाकशाने मारता येईल ते सगळं एकदम स्पष्ट दिसत होतं, प्रत्येकाच्या कडेला उजेड असल्यासारखं. माझा दुसरा हात वर गेला होता. वेणाने मुठीतलं पिल्लू जपून ओच्यात ठेवलं. मोकळ्या हाताने गालावर आलेले ओले केस कानामागे सारले, गाल मोकळा केला आणि डोळे मिटून तोंड माझ्याकडे धरलं. मी थांबले. तिने थोडी वाट पाहिली आणि डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "लवकर मार ना वं आई. हे थंडीनं कापून राह्यले, यायले पुसाचं हाय."

हात वर होता. तो न मारता खाली कसा आणतात ते मला सुचत नव्हतं. मी आधी मनगट धरलेल्या हाताची बोटं सोडली, एकेक. तिच्या मनगटावर चार पांढरे पट्टे होते, ते बघता बघता तांबडे झाले. मग मी खाली बसले, आणि बसल्यावर हात आपोआप मांडीवर आला. दोरीवरचं पंच्याचं फडकं ओढलं. आम्ही दोघी पिल्लं पुसायला लागलो. एक माझ्या हातातच गेलं. मान मागे पडली, डोळ्यावर खालून पडदा आला. मायने त्याची मान केव्हाच मोडली असती. मी ते पूर्ण थांबेपर्यंत हातात धरून बसले, त्याला बराच वेळ लागला. दोन उरली. ती मडक्यापाशी ठेवली, वरून फडकं टाकलं. वेणाने मेलेली तीन एका जुन्या वहीच्या कागदात बांधली. मी पेरूच्या झाडाखाली खड्डा केला. तिने विचारलं, "हे मी मारले?" मी म्हटलं, "त्यांना थंडी वाजली. पिल्लांना धुवायचं नसतं. ते मी तुला सांगायला हवं होतं." ती म्हणाली, "हो, सांगाले पाह्यजे होतं."

दिवेलागणीला मी खिचडी टाकली. ती नीट जेवली, दोनदा मागून घेतली. मनगटावरचे पट्टे आता निळे व्हायला लागले होते, आणि चमचा ती दुसऱ्या हाताने धरत होती. शनिवारी तिचे वडील हे बघतील आणि मला सांगावं लागेल, पहिल्यापासून सगळं. त्या सगळ्याची सुरुवात कुठून करायची ते मी ठरवत होते. वेणाने ताट मोरीत ठेवलं, हात फ्रॉकला पुसले आणि येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आता?"

"आता काय?"

"मारतं ना. मघाशी राह्यलं."

"नाही मारणार."

"काऊन?"

मी तिला सांगितलं की मी तिला मारणार नाही, आजही नाही आणि यापुढेही नाही. सांगताना माझा आवाज बरा होता. तिने सगळं ऐकून घेतलं, मोठ्या माणसाचं ऐकतात तसं, शेवटपर्यंत. मग मला समजावून देत असल्यासारखी म्हणाली, "उद्या सकाळी नोको मारजो फक्त. शाळेच्या आधी मारलं का बाई गालाकडे पाह्यतात, आन् मले दर खेपेले नवीन सांगा लागते." मी काही म्हणायच्या आत ती मागच्या दारी गेली, आणि खोक्याला कान लावून बसली.